शेजारचा पट्टा

अपूर्वाने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी थोरल्या जावेला, गंधालीला, कांदिवलीहून बोरिवलीला फिरवायला नेलं. "मागे बसा वहिनी, जागा बघा केवढी आहे!" डिकीत तर महिन्याचं वाणसामान मावलं असतं. गंधालीच्या घरी अजून नवऱ्याची जुनी स्कूटरच होती.

"सहा एअरबॅग आहेत. ठोकली तरी काही होणार नाही," अपूर्वा स्टिअरिंग थोपटत म्हणाली.

एकदा ठोकायलाच हवी, गंधालीच्या मनात आलं.

त्याच क्षणी बेल्टची घंटी वाजू लागली.

"वहिनी, बेल्ट लावा ना."

"लावलाय गं."

"मग स्क्रीनवर तुमच्या शेजारची सीट लाल का दिसतेय? पिशवी ठेवलीत का?"

शेजारी काहीच नव्हतं. सीटची गादी मात्र खोल दबलेली होती.

गंधालीच्या डोळ्यांदेखत तिथला पट्टा सरसर बाहेर आला आणि खटकन अडकला. घंटी थांबली.

"थांबली बघा!" अपूर्वा हसली आणि तिने वेग वाढवला.

गाडी थांबव, एवढंच म्हणायचं होतं. गंधालीने ओठ घट्ट मिटले.

शेजारचा पट्टा हळूहळू ताणला गेला. त्यात बसलेल्या कुणीतरी पुढे, अपूर्वाच्या मानेकडे वाकावं तसा.