कर्नलसाहेबांच्या दोन ओळी

मिन थाइक जीव वाचवून थायलंडला पळाला, तरी त्याच्या कविता खोट्या नावानं यांगूनच्या मासिकात यायच्याच. सेन्सॉरचे कर्नल त्या बरोब्बर हुडकायचे आणि छापलेल्या प्रतींवर चंदेरी रंग फासायचे. मग आम्ही मिन थाइकच्याच बायकोच्या, नीलारवहिनीच्या, चहाच्या दुकानात बसून रॉकेलच्या बोळ्यानं तो रंग पुसायचो. संध्याकाळपर्यंत कविता अख्ख्या गल्लीला पाठ!

कर्नलसाहेब स्वतःही कवी, बरं का. त्यांची कविता दर महिन्याला पहिल्या पानावर. त्या पानात नीलारवहिनी भोपळ्याची भजी बांधून द्यायची.

या महिन्यात मात्र साहेबांच्याच कवितेत दोन ओळींवर चंदेरी रंग! त्यांच्या ओळी झाकायची दुसऱ्या कुणाची छाती होती?

"वहिनी, रॉकेल आणा!" आमच्यातला एक जण ओरडला. "कुणीतरी वाचावं म्हणून बिचाऱ्यानं स्वतःच रंग फासून घेतलाय."

वहिनीनं रंग पुसला, दोन्ही ओळी वाचल्या आणि रॉकेलच्या बाटलीला बूच लावलं.



"आयुष्यात पहिल्यांदा मेल्यानं झाकण्यासारख्या ओळी झाकल्यात."