घेण्यास नकार
अंगठा सुजून पाय टेकवेना, म्हणून दत्तराव परभणीच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "युरिक ॲसिड वाढलंय. मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, पण पेशींच्या पडद्यातली प्रथिनं त्यातलं बरंचसं परत आत ओढतात." "टाकलेलं परत घेतेत?" "सगळ्यांच्याच शरीरात. तुमच्यात जरा जास्त." आपल्या गावी, बोरीला, एसटीतून उतरल्यावर दत्तराव लंगडत थेट पोस्टात गेले. लेकीनं बौद्ध मास्तराशी लग्न केल्यापासून तिचं प्रत्येक पत्र त्यांनी न फोडताच परत पाठवलं होतं; पोस्टमन त्यावर 'घेण्यास नकार' लिहायचा. "लेकीचं काई आलं का?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं झाली, येतच न्हाई." दत्तरावांनी आंतरदेशीय पत्र घेतलं, बाकावर बसून लिहिलं, डिंकानं चिकटवलं आणि पोस्टमनपुढं धरलं. "पत्ता तेवढा तुमी टाका." पोस्टमननं पत्र उलटसुलट पाहिलं. "पत्ता तिच्या पत्रांवर व्हता, दत्तराव. समदी माघारी धाडली."