सतराव्या सोमवारची पंगत

चार वाजून गेल्यावर पुरुषांची पंगत उठली आणि बायांची बसली. प्रमिलाबाईंनी पदर खोचून मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. लेकाची, ललितची दारू सुटावी म्हणून धरलेल्या सोळा सोमवारांचं आज उद्यापन. सोळाही जोडपी जेवून उठेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घेणार नव्हत्या.

पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. नजर सारखी घड्याळाकडे. शाळेत मतदान चाललं होतं. आडवी बाटली की उभी, ते फक्त बायांनी सांगायचं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तरच दारूचं दुकान बंद. जी घरी राहिली, ती उभीच्याच पदरात.

"प्रमिलाबाई!" रंजनाबाई दारातूनच ओरडल्या. दुकान बंद व्हावं म्हणून दोन वर्षं सह्या गोळा करत त्या दारोदार फिरल्या होत्या. "पाचले मतदान बंद व्हई. गाडी उभी शे. उठा व बाया!"

पंगतीत चुळबुळ झाली. कमलबाईंनी घास खाली ठेवला.

ललित चुरम्याची परात घेऊन पुढे झाला. आज कधी नव्हे तो सकाळीच न्हाऊन, गंध लावून राबत होता. घरोघरी आवतण त्यानंच दिलं. तुपाचा डबाही त्यानंच आणला. "दुकानवाला शेठनी दिधा, माय. धरमनं काम शे, म्हने." व्रत फळलं, असंच प्रमिलाबाईंना वाटलं होतं.

"बस ना व मावशी," तो कमलबाईंना म्हणाला. "देवना परसाद शे. आखो एक लाडू."

रंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे. "उठाड ना यासले."

प्रमिलाबाईंचे ओठ सुकले होते. "भरल्या पानवरथीन सवाशीन कशी उठाडू? मन्हा सोळा सोमवार वाया जातीन."

"कोनासाठे उपास करस तू, आन् कोनं पोट भरी ऱ्हायनी?" रंजनाबाई वळल्या. पायरी उतरता उतरता पुटपुटल्या, "कुऱ्हाडीना दांडा, गोतले काळ."

गाडी रिकामीच गेली. ललित पानापानाशी थांबून आग्रह करत राहिला. कुणी घाई केली नाही.

घड्याळात पाचाचे टोले पडले तेव्हा बाया मोरीपाशी रांगेनं उभ्या होत्या. प्रमिलाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. तूप हाताचं निघता निघेना. एकेक बाई दोन्ही हात चोळचोळून धूत होती. डावी बोटं पाण्याखालून एकामागून एक जात होती. सोळाच्या सोळा कोरी. शाईचा ठिपका एकीच्याही नखावर नव्हता.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. स्वतःचं बोट पदरात लपवलं.

"आते तू उपास सोड, माय." ललितनं चप्पल पायात सरकवली. हातात रिकामा डबा होता. "मी शेठना डबा दीसन येस."