उभी बैठक

हर्बर्टनी खांबाला पाठ टेकवली, तेवढ्यात शिपाई बाळा त्यांच्यापाशी आला. "अंकल, टेकायचं नाय. साहेब ओरडतात."

वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यातली बाकडी नाहीशी झाली होती. देवेश साहेब डेन्मार्कमधल्या ऑफिसांचा कारभार बघून आले होते. तिथे म्हणे मीटिंगा उभ्याने होतात, त्यामुळे कामं झटपट उरकतात. आल्या आल्या त्यांनी परिपत्रक काढलं आणि कुणीतरी त्याचं मराठी केलं: 'उभी बैठक'. ती लागू झाली मात्र बाहेर ताटकळणाऱ्यांना. उभी बैठक म्हणजे उठाबशा का, असं बाळाने सकाळीच सगळ्यांना विचारून घेतलं होतं.

हर्बर्टना हसू आलं नव्हतं. भांडुपच्या गावठाणातल्या त्यांच्या घराचा ओटा रस्त्यात येतो म्हणून उद्या तोडणार होते. आज देवेश साहेबांपुढे सुनावणी. नाव पुकारलं आणि माणूस जागेवर नसला, की ओटा गेला. पप्पा, पायरीवर जरा बसा, मी थांबते इथे, असं सून टिना कितीदा म्हणाली. पण नोटीस त्यांच्या नावाची होती. ऑपरेशन झालेला गुडघा आतून जळत होता. सगळीकडे असंच चालत असेल, आपल्यालाच झेपत नसेल, असं ते स्वतःला समजावत होते.

पलीकडे एक पोटुशी बाई भिंतीला रेलली. बाळाने तिलाही हटकलं. ती सरळ उभी राहिली.

त्याच वेळी केबिनचं दार उघडलं. डेन्मार्कहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांना दाखवायला आज सगळे अधिकारी टेबलाभोवती ताठ उभे होते. त्यांच्या मागे गुबगुबीत खुर्च्या रिकाम्या. साहेबांच्या खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल.

हर्बर्ट त्या टॉवेलकडे बघत राहिले. सकाळपासून गिळलेला राग गुडघ्यातून वर चढला. काठी टेकत ते सरळ आत गेले आणि टॉवेलावर बसले.

"अंकल, उठा," देवेश साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "माझी खुर्ची आहे ती."

"तुमची बैठक उभी आहे ना?" हर्बर्टनी काठी पुढ्यात घट्ट रोवली. "मग खुर्ची कशाला हवी? फाइल काढा. हर्बर्ट मिस्किटा. मी जागेवर आहे."

दारात टिनाने तोंडावर हात धरला. बाळा आत यायला निघाला होता, तो उंबऱ्यातच थांबला.

हे कोण, असं पाहुण्या बाईंनी विचारलं. नागरिक आहेत, साहेब कसेबसे म्हणाले. बाईंना त्यात काहीच वावगं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हर्बर्टना हसून नमस्कार केला, व्हरांड्याकडे नजर टाकली आणि बाळालाही कळेल अशा सोप्या इंग्रजीत विचारलं, मग बाकीचे लोक बाहेर उभे का आहेत?



देवेश साहेबांनी उभ्यानेच फाइल उघडली. सवयीने मागे खुर्चीसाठी गेलेला त्यांचा हात हर्बर्टच्या काठीला लागला. ती जागची हलली नाही.