तोच काटा

"काटा तोच आहे," निर्माता एवारिस्तो म्हणाला आणि त्यानं वजनकाट्याच्या गंजक्या खांबाला थाप मारली, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी. "वीस वर्षं गोदामात पडून होता. लोकांना हाच बघायचाय."

सकाळी पाद्री येऊन गेला होता. मेक्सिकोत पाद्र्यानं पाणी शिंपडल्याशिवाय कुठली मालिका सुरू होत नाही. कॅमेरे झाले, फळा झाला, नटांची डोकी झाली, मग जाता जाता त्यानं काट्यावरही दोन थेंब उडवले. यारेत्सीनं ते बघितलं आणि पाठ फिरवली.

यारेत्सी सतरा वर्षांची. या कामासाठी शाळा सोडून आलेली. 'निळे स्वेटर' तिच्या आईनं शाळेत असताना बघितलेली मालिका. आता नव्या पोरांसाठी ती नव्यानं करायची होती. नवे फोन, नवी गाणी, नवे केस. फक्त एक प्रसंग होता तसा ठेवायचा: व्यायामाच्या तासाला बाई एका जाड पोरीला, म्हणजे आता यारेत्सीला, वर्गासमोर काट्यावर चढवतात, आकडा ओरडून सांगतात, वर्ग हसतो.

"या खेपेला ती नंतर भाषण देते," एवारिस्तो सगळ्यांना सांगत फिरत होता. "मी आहे तशीच सुंदर आहे, असलं. नव्या पिढीचा मान राखायचा."

"मग काट्यावर चढवताच कशाला?" यारेत्सीनं विचारलं.

"चढवल्याशिवाय भाषण कशावर देणार, राणी?"

जुन्या मालिकेत काट्यावर चढलेली पोरगी म्हणजे रोसेलिया. आता ती काडीसारखी झालेली आणि बाईंचं काम करायला आलेली. बाजारात अजून कुणीतरी तेव्हाच्या आकड्यावरून तिला मागून "ए एकोणऐंशी" अशी हाक मारतंच. सेटवर ती काट्याला वळसा घालून चालायची. ते फक्त यारेत्सीच्या लक्षात आलं होतं, म्हणून मेकअपच्या खोलीत तिनं रोसेलियालाच गाठलं.

"बाई, तो काटा चालू आहे का?"

"चालू आहे. पण आकडा सांगणार मी ना? कागदावर सत्तर लिहिलंय, मी सत्तरच म्हणणार. आईची शपथ." आणि तिनं यारेत्सीच्या गालावर पावडरचा हात फिरवला.

इथं संवाद कुणी पाठ करत नाही. प्रत्येकाच्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र असतं. वरच्या काचेच्या खोलीत बसलेला म्हातारा निकानोर सगळं वाचून दाखवतो, बोलणंही आणि हालचालीही, आणि खाली नट तेच करतात. वर्गातल्या वीस पोरांच्या कानातही तोच.

"पोरगी काट्यावर चढते," निकानोर म्हणाला.

यारेत्सी चढली. मोज्यातून लोखंड गार लागलं. रोसेलिया पुढं आली आणि दांडीवरचं वजन सरकवायला लागली. खट. अजून थोडं. खट. सत्तरच म्हणायचं तर हिला एवढं जपून सरकवायची काय गरज, असं यारेत्सीच्या मनात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"बाई. सत्तर किलो," निकानोर कानात म्हणाला.

"चौऱ्याऐंशी," रोसेलिया ओरडली. "चौऱ्याऐंशी आणि वर अर्धा."

"वर्ग हसतो."

वर्ग हसला. तेही खरंखुरं. यारेत्सीचं तोंड जसं व्हायचं तसं झालं, आणि कॅमेऱ्यानं ते पोटभर घेतलं.

एवारिस्तो रुमालानं डोळे पुसत होता. "हुबेहूब," तो म्हणत होता. "अगदी हुबेहूब."

रोसेलिया कागदी रुमाल घेऊन जवळ आली. "आलं ना खरं रडू? मलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका रडण्यावर मी वीस वर्षं जेवतेय, पोरी. तूही जेवशील."

"तुम्ही आईची शपथ घेतली होती."

"आई कधीच गेली माझी."

तिच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. यारेत्सी काट्यावरून खाली उतरली.

"आणखी एकदा घेऊ, जवळून," एवारिस्तोनं टाळी वाजवली. "चढ, राणी."

दाराबाहेर तिच्याच मापाची दुसरी एक पोरगी तसाच निळा स्वेटर घालून बाकावर बसली होती. सकाळपासून, ही नाही म्हणाली तर म्हणून. यारेत्सीनं तिच्याकडं बघितलं, मग काट्याकडं.

"चढते," ती म्हणाली. "आधी बाईंना चढू द्या."

"काय?"

"काटा तोच आहे ना? लोकांना तोच बघायचाय ना? मग ह्याही त्याच आहेत. चढा, बाई. मी वजन सरकवते. कागदावर जे लिहिलंय तेच सांगेन. आईची शपथ. माझी आहे अजून."

वीसच्या वीस पोरांच्या माना रोसेलियाकडं वळल्या.

"असं काही लिहिलेलं नाहीये," रोसेलिया हसत म्हणाली. मग तिचं हसू जागच्या जागी वाळलं. एक हात पोटावर गेला, नसलेल्या पोटावर, आणि ती एक पाऊल मागं सरकली. मग आणखी एक.

वर निकानोरनं मान वर केलीच नव्हती. कागदावर बोट ठेवून त्यानं प्रसंग पुन्हा वाचायला घेतला होता. पोरगी चढते, म्हणाला. बाई, सत्तर किलो, म्हणाला.

"वर्ग हसतो."

कुणी हसलं नाही.

"वर्ग हसतो," निकानोर सगळ्यांच्या कानात पुन्हा म्हणाला.