पहिल्या बाकावरची

साखऱ्यात रेंज म्हटली की एकच जागा, गावामागचं टेकाड. म्हणून दीपमाला शेळ्या तिथं चरायला न्यायची आणि दगडावर बसून मोबाईलवर हिंगोलीचा क्लास करायची. एसटीचं भाडं वाचतं, फी निम्मी लागते, शेळ्याही चरतात, म्हणून तिची आई बनाबाई खूश होती.

दीपमाला मात्र मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या, तिकडं वर्गात बसलेल्या पोरींवर जळायची. सगळ्यांत जास्त पहिल्या बाकावरच्या पोरीवर. तिची फक्त पाठ दिसायची. दीपमालाचा आवाज क्लासात पोचेपर्यंत ती उत्तर देऊन मोकळी व्हायची.

"हिला कशाची तकलीफ? पंख्याखाली बसून राहिली महाराणी," दीपमाला काळ्या शेळीला सांगायची.

आज सरांनी प्रश्न विचारला. दीपमालानं माईक चालू करून तोंड उघडलं, आणि तिचं उत्तर तिच्याच आवाजात त्या बाकावरून आलं.

"शाब्बास, दीपमाला," सर बाकाकडे बघून म्हणाले.

"सर, मी हितं हाय!"

कुणी ऐकलं नाही. क्लास सुटला. ती पोरगी दप्तर उचलून, मागं न वळता, निघून गेली.

उन्हं कलली तरी दीपमाला दगडावरच होती. खाली फाट्यावर एसटी थांबली. थोड्या वेळानं वाटेवरून हाक आली, "काळेऽ, ये गं!"

दीपमालाशिवाय कुणाच्याच हाकेला न जाणाऱ्या शेळ्या एकदम उठल्या आणि टेकाड उतरू लागल्या. तिनं जीव खाऊन हाका मारल्या. एकही वळली नाही.

मग खालून, घराच्या दारातून, आईचा लाडाचा आवाज आला.

"आलीस व्हय, दीपे? दमलं गं माझं लेकरू. बस, भाकर वाढते."