शिंपीकाकांचं दुकान

कॉलेजच्या पोरांमुळे गावातल्या जुन्या बाजारपेठेत पुन्हा जीव आला. वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या गाळ्यांत कॉफीची, पुस्तकांची, गिटारची दुकानं थाटली गेली. पदवीदानाचे झगे शिवणाऱ्या शिंपीकाकांचं दुकान घ्यायलाही एक कॉफीवाला तयार झाला. काका हरखून गेले. त्यांना आता सुईत दोरा ओवणं जमत नव्हतं. दुकान विकून काका-काकू दोघांनी लेकीकडे राहायला जायचं ठरलं, आणि काकूंनी सामान बांधायलाही घेतलं.

कॉफीवाला मोजमाप घ्यायला आला, ते पोरांनी पाहिलं. म्हाताऱ्या शिंप्याला हुसकावून लावतायत, ही बातमी तासाभरात सगळ्या होस्टेलांत पोचली. दुसऱ्या दिवशी दीडशे पोरं दुकानाच्या पायरीसमोर ठाण मांडून बसली.

"अरे बाबांनो, मीच विकतोय!" काका कळवळून म्हणाले.

"घाबरू नका काका. तुमच्यावर दबाव आहे, कळतं आम्हाला."

आठवडाभर घोषणा चालल्या. कॉफीवाल्याने कानाला खडा लावला. नगरपालिकेने तर ते दुकान गावाचा ठेवा म्हणून जाहीर केलं आणि तिथे शिवणकामाशिवाय दुसरा कुठलाही धंदा करायला बंदी घातली.

ही बातमी घेऊन पोरांची पुढारी धापा टाकत आली. आनंदाने तिचे डोळे भरून आले होते. तिने काकांचे दोन्ही हात घट्ट धरले.

 

"जिंकलो काका! आता मरेपर्यंत तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही!"